विहिणीच्या नावाचा बोजा

पार्मा, ओहायो
९ फेब्रुवारी १९९६

व्हर्नाबाई,

नमस्कार लिहिणार होते, पण हात वळेना. तेव्हा तो उधार समजा.

काल रोमनचा फोन आला. माझा भाचा बिचारा रडकुंडीला आला होता. बँकेने माझ्या घराचे कागद तपासायला पाठवले, आणि निघालं काय? काउंटीच्या मोठ्या कोर्टात माझ्या घरावर बोजा! कोणाच्या नावाचा? तर व्हर्ना हुदाक यांच्या नावाचा! माझ्या सख्ख्या विहिणीच्या! फोन कानाला धरून मी जी मटकन बसले ती थेट मळक्या कपड्यांच्या टोपलीत.

अहो, जनाची नाही तर मनाची तरी? तुमच्याच सुनेच्या उशाशी मी इथे नवीन वर्षापासून बसून आहे. डॉक्टरांनी रेजिनाला बाळ होईपर्यंत पलंगावरून पाय खाली टाकू नको म्हणून सांगितलंय. तुमचा सिरिल दोन-दोन पाळ्या करून येतो आणि जेवता जेवता झोपतो. त्या दोघांचं खाणंपिणं, धुणं, सगळं माझ्या अंगावर. आणि माझी पाठ वळल्याबरोबर तुम्ही बसमध्ये बसून माझ्या घरावर बोजा चढवायला गेलात!

त्या ओसरीच्या खांबापायी ना हे सगळं? मॅजिस्ट्रेट गॉहनने मागच्या हिवाळ्यात तुमच्या बाजूने निकाल दिला, मान्य. त्याला काय कळतंय? त्याच्या घराला गॅरेज आहे. बर्फ उपसून गाडीची जागा केली की तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवायची, मग ती जागा बर्फ वितळेपर्यंत ज्याने उपसली त्याची, हे आपल्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण खुर्ची! तुम्ही ठेवलं होतं इस्त्रीचं टेबल. इस्त्रीच्या टेबलाला मान द्यायचा असं कोणत्या पिढीत ठरलं होतं? मी ते बाजूला केलं, गाडी आत घेतली, चाक घसरलं आणि तुमचा खांब आडवा झाला. खांब किडका होता. मी कोर्टातही सांगितलं, आताही सांगते.

आता नीट ऐका. रोमनच्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चांगलं घडतंय. माझी बहीण गेल्यावर मी त्याला वाढवला, त्याच्या दहा धंद्यांचं काय झालं ते मी पाहिलंय, पण हा अकरावा निराळा आहे. न्यू जर्सीहून मिस्टर पेनिंग्टन म्हणून गृहस्थ आलेत. आपल्या शर्टांच्या बंद पडलेल्या कारखान्यात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून विकायचं, अशी योजना आहे. गावातल्या किती जणांना काम मिळेल! माझं घर गहाण टाकून रोमनला त्यात हिस्सा घ्यायचा आहे. मी त्याला मुखत्यारपत्रही दिलंय, म्हणजे मला सहीसाठी यायला नको. पण बँक म्हणते, आधीचा बोजा उतरवा, मग बोला.

रोमन खांबाचे पैसे घेऊन तुमच्याकडे येईल. मुकाट्याने घ्या आणि मोठ्या कोर्टात जाऊन ‘फिटले’ अशी सही करा.

रेजिना ठीक आहे. बाळ सारखं लाथा मारतं. तुमच्यावर गेलं असणार.

ओल्गा मातुला


लोकस्ट पॅच, पेनसिल्व्हेनिया
१४ फेब्रुवारी १९९६

प्रिय विहीणबाई,

आज व्हॅलेंटाइनचा दिवस आणि पोस्टमनने तुमचं पत्र आणून दिलं. आमचे हे गेल्यापासून या दिवशी मला कोणी इतकं मनापासून लिहिलं नव्हतं. डोळे भरून आले.

होय, बोजा मीच चढवला. लपवून कशाला ठेवू? वर्षभर तुम्ही एक दमडी दिली नाहीत. रस्त्यात भेटलात की तुम्हाला आकाशातली कबुतरं दिसायची. शेवटी मी मॅजिस्ट्रेटच्या ऑफिसात गेले. तिथली बाई म्हणाली, “मिसेस हुदाक, इथला निकाल इथेच पडून राहिला तर त्याला दात नाहीत. त्याची नक्कल घ्या, काउंटीच्या मोठ्या कोर्टात नेऊन नोंदवा. मग तो त्यांच्या घराला चिकटतो. घर विकायचं म्हटलं, गहाण टाकायचं म्हटलं, की आधी तुमच्या दारात यावं लागतं.” मला हे फार आवडलं. दर बुधवारी म्हाताऱ्यांची बस जाते, तिने गेले. तिथे हे नोंदवणारा जो साहेब आहे त्याला प्रोथोनोटरी म्हणतात. ते नाव उच्चारता उच्चारता माझी कवळी काउंटरवर पडायची राहिली.

आता पैशांचं. ते मी रोमनच्या हातून घेणार नाही. खांब रोमनने पाडला नव्हता. ज्या हातांनी स्टिअरिंग धरलं होतं त्याच हातांनी पैसे माझ्या तळहातावर ठेवायचे, आणि ‘व्हर्ना, चुकलं’ एवढं म्हणायचं. तुम्ही गावात आलात की या. तोवर मला घाई नाही, आणि घरालाही पाय फुटत नाहीत.

आणि पाणी कुठलं म्हणालात? आपल्या डोंगरातलं? अहो, खाणींनी आपल्या ओढ्याचं काय केलंय ते विसरलात? लग्न झालं त्या वर्षी मी त्यात एक पांढरा परकर खळबळला होता, तो अजून नारिंगी आहे. तुमच्या पेनिंग्टनना म्हणावं, बाटल्यांवर संत्र्याचं चित्र काढा.

बाळ लाथा मारतंय हे वाचून बरं वाटलं. दिवसभर तुमची बडबड कानावर पडत असेल तर बिचाऱ्याने दुसरं करावं तरी काय? रेजिनाला माझे आशीर्वाद. अक्रोडाचं सारण भरलेल्या गोड पावाची वळकटी पाठवते आहे, पार्सलने. ती रेजिनासाठी आहे. तुमच्यासाठी नाही.

व्हर्ना


पार्मा
२४ फेब्रुवारी

व्हर्नाबाई,

वळकटी मिळाली. रेजिनाने दोन तुकडे खाल्ले. मी चव घेतली नाही. (मनुका जरा कमी पडल्या होत्या.)

रोमन तुमच्या दारात तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा तुम्ही टीव्हीचा आवाज मोठा केलात. दुसऱ्यांदा पडदा हलला आणि दिवा गेला. तिसऱ्यांदा तो मागच्या दाराने आला, तर तुम्ही पुढच्या दाराने चर्चला निघून गेलात. त्याने पत्र रजिस्टर करून पाठवलं, तेही तुम्ही पोस्टातून उचललं नाही. सत्तरीला आलेली बाई आणि लपाछपी खेळते! मला सांगताना माझा भाचा हुंदके देत होता हो.

मी गंमत करत नाही आता. बँकेने मार्चच्या अखेरपर्यंत मुदत दिली आहे. पेनिंग्टन म्हणतात, त्यानंतर हिस्सा दुसऱ्याला जाईल. बर्निस आणि लिओ या युरकानिन नवराबायकोने त्यांचं घर केव्हाच गहाण टाकून पैसे दिलेसुद्धा. ते शहाणे आणि मी एकटी मागे, ती तुमच्यामुळे.

मला माहीत आहे तुम्हाला काय हवंय. तुम्हाला ओल्गा मातुला तुमच्या पायऱ्यांवर पदर पसरून उभी असलेली बघायची आहे, आणि अख्ख्या गल्लीने खिडकीतून बघितलेलं हवंय. मी रेजिनाला एकटीला टाकून येऊ शकत नाही हे माहीत असून तुम्ही ही अट घातलीत. सुंभ जळेल पण तुमचा पीळ जळायचा नाही.

तर माझीही एक अट ऐका. हा बोजा मार्चअखेरपर्यंत उतरला नाही, तर बाळाच्या बाप्तिस्म्याला तुम्ही इथे यायचं नाही. रेजिना माझी मुलगी आहे, माझं ऐकेल. बाळ पहिल्यांदा माझ्या मांडीवर, दुसऱ्यांदाही माझ्याच मांडीवर. तुम्हाला फोटो पाठवू.

ओल्गा


लोकस्ट पॅच
२ मार्च

विहीणबाई,

बाप्तिस्म्याचं वाचलं. रात्री जेवले नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहीत नाही, पण लिहिलं गेलं.

तरी माझं उत्तर तेच. तुमच्या हातून.

उपासाचे शुक्रवार सुरू झालेत. चर्चच्या तळघरात आम्ही बायका विकायला पिरोगीच्या करंज्या लाटतो, तुम्ही नसल्यामुळे बटाट्याचं सारण यंदा पातळ होतंय. काल मी आत शिरले तशा सगळ्यांनी पाठी फिरवल्या. रोमनने गावभर सांगितलंय की हुदाक म्हातारी एका खांबापायी अख्खा कारखाना अडवून बसली आहे. बंबवाल्यांच्या फायरहाउसमध्ये माझ्याकडे बघून लोक माना हलवतात. बर्निस युरकानिन तर माझ्या शेजारी उभी राहायला तयार नव्हती. कणिक मळायला मी एकटी. असो, माझे हात अजून मजबूत आहेत.

एक विचारते. रोमनने ते पाणी स्वतः प्यायलंय का? एक पेला? फक्त विचारा त्याला.

दुसरं, तुमच्या घराची काळजी नको. रेजिनाने लग्नानंतर ओहायोला जाताना तिच्याजवळची तुमच्या घराची किल्ली मला दिली होती. रोज संध्याकाळी जाऊन घर गरम राहावं म्हणून कोळशाची शेगडी भरते, राख काढते. गेल्या आठवड्यात पारा शून्याखाली गेला तेव्हा युरकानिनांचे पाण्याचे पाइप गोठून फुटले, तुमचे नाही. तुमचे पडदे धुवायला झालेत.

व्हर्ना


पार्मा
१० मार्च

व्हर्नाबाई,

शेगडी तुम्ही भरता? मला वाटलं रोमन भरतो. तो म्हणाला होता, “मावशी, घराचं सगळं मी बघतो.” तसं त्याने शब्दशः शेगडी म्हटलं नव्हतं. असू दे, मुलगा कामात आहे.

पाण्याचं विचारलं. तो म्हणाला, कारखान्यात गाळणी बसणार आहेत, जर्मनीहून. झालं समाधान?

शेगडीबद्दल आभार. पण त्याने बोजा उतरत नाही. आमच्या आईची शिकवण होती, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तुम्ही दोन कोर्टांच्या चढलात. आता माझी पाळी. सोळा तारखेच्या, शनिवारच्या बसने मी येते. रात्रभराचा प्रवास, माझे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी तुमच्या दारात उभी राहीन, पैसे तुमच्या तळहातावर ठेवीन, ‘चुकलं’ म्हणायचं ते म्हणेन, गल्लीला बघू दे. सोमवारी आपण दोघी काउंटीच्या गावी जाऊन सही करू आणि मी रात्रीच्या बसने परत. सिरिलला सुट्टी मिळत नाही, त्यामुळे ते दोन दिवस रेजिना एकटी असेल. शेजारीण डोकावेल म्हणते. देव बघेल.

तुम्हाला हेच हवं होतं ना? घ्या.

ओल्गा


लोकस्ट पॅच
१४ मार्च

ओल्गाबाई,

माझ्याकडे फोन नाही, म्हणून हे पत्र जलद टपालाने टाकते आहे. तुम्ही जे लिहिलंय त्यातलं एक अक्षर करू नका. बसमध्ये बसू नका. रेजिनाला एक मिनिटसुद्धा एकटं टाकू नका. शेजारीण डोकावेल म्हणे! शेजारीण डोकावेपर्यंत काय वाटेल ते होतं. मी माझं पहिलं बाळ तसंच गमावलं, सिरिलच्या आधीचं. तुम्हाला माहीत नव्हतं. कोणाला सांगत नाही मी.

तुम्ही जिंकलात. या बुधवारी, वीस तारखेला, मी बसने काउंटीच्या गावाला जाते आणि सही करून येते. पैसे नंतर केव्हाही द्या, न दिलेत तरी चालेल. आज उद्या गेले असते, पण म्हाताऱ्यांची बस बुधवारीच असते आणि त्या डोंगरातून मला गाडी चालववत नाही.

माझ्या मनात जे होतं ते मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण रोमनविरुद्ध एक शब्द काढला की तुम्हाला ऐकू यायचं बंद होतं. तो शब्द मी आताही काढत नाही. फक्त एवढं करा, बुधवारपर्यंत रोज एक माळ जपा. घरासाठी जपा, कशासाठी ते विचारू नका.

आणि बसू नका त्या बसमध्ये!

व्हर्ना


पार्मा
१८ मार्च

व्हर्ना,

नुसतं व्हर्ना लिहिलं, चालेल ना? तुमचं पत्र आलं तेव्हा माझी पिशवी भरून दाराशी होती. रेजिनाने ते वाचलं आणि ढसाढसा रडली. मग मीही. त्या बाळाबद्दल आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं. तुमच्याशी मी इतकी वर्षं खांब आणि खुर्च्यांवरून भांडले, आणि तुम्ही हे एकट्या घेऊन बसला होतात.

बाप्तिस्म्याचं मी बोलले ते कुत्र्याच्या तोंडचं समजा. तुम्ही येणार आणि बाळ तुमच्या मांडीवर बसणार, आधी तुमच्या. मी शब्द परत घेतला.

रोमनला फोन करून सांगितलं की बुधवारी सही होते आहे. इतका खूश झाला! गुरुवारीच बँकेत कागद करतो म्हणाला. पहिल्या बाटल्यांची पेटी तुम्हालाच देणार म्हणतो. तुम्ही म्हणता तशी माळ जपते आहे. कशासाठी ते कळत नाही, पण जपते.

ओल्गा


लोकस्ट पॅच
२१ मार्च

ओल्गा,

आधी एक वाक्य वाचा आणि खाली बसा, टोपलीत नको, खुर्चीत. तुमचं घर जागेवर आहे. त्यावर एका डॉलरचं गहाण नाही. सही झाली नाही आणि आता होणार नाही.

आता सांगते. काल बुधवारी सकाळी मी चांगला कोट घालून बसच्या थांब्यावर निघाले. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. चर्चपाशी आले तर पायऱ्यांवर बर्निस युरकानिन बसलेली, घरातल्या चपलांवर, डोक्याला काही नाही. मी म्हटलं, “बर्निस, सर्दी होईल.” ती म्हणाली, “गेला, व्हर्ना. गेला तो.” मला वाटलं लिओ गेला. मी क्रूसाची खूण करायला हात उचलला. तर ती म्हणते, “लिओ घरी आहे गं. पेनिंग्टन गेला.”

मोटेलची खोली रिकामी. तो घालायचा त्या पांढऱ्या बुटांची एक पेटी तेवढी राहिली आहे म्हणे, त्यात बूट नाहीत. कारखान्याची जागा त्याने कधी घेतलीच नव्हती. जर्मनीहून यायची होती ती गाळणी कोणी मागवलीच नव्हती. शेरीफ आला होता, त्याने चार ठिकाणची नावं सांगितली जिथे याने हेच केलं. आपल्या गावातल्या सहा घरांचे पैसे घेऊन गेला तो. सातवं तुमचं होतं. तो एक दिवस आणखी थांबला असता, तर मी त्याच बसने जाऊन माझ्याच हाताने तुमचं घर सोडवून त्याच्या घशात घातलं असतं. बस माझ्यासमोर येऊन थांबली. ड्रायव्हर म्हणाला, “चढताय ना, मिसेस हुदाक?” मी म्हटलं, “नाही रे बाबा, आता नाही!” आणि मला जे हसू फुटलं ते थांबेना. बर्निसला धरून मी हसत होते आणि ती रडत होती. नंतर लाज वाटली. पण काय करू, छातीवरचा धोंडा उतरला होता.

आता ते सांगते जे सांगितलं नव्हतं. जानेवारीत, तुम्ही गेल्यावर आठवड्याभराने, फायरहाउसमध्ये बिंगोचा खेळ होता. रोमन मागच्या टेबलावर पेनिंग्टनबरोबर बसला होता. तो म्हणाला, “माझी मावशी? तिला नाही म्हणताच येत नाही. कागद पुढे सरकवला की सही करते, वाचत पण नाही.” आणि तो पांढऱ्या बुटांचा माणूस हसला. रोमन काही वाईट बुद्धीने बोलला नाही, कौतुकानेच बोलला. पण ते हसू मला आवडलं नाही. मला कायद्यातलं कळत नाही, माझ्याकडे फक्त तुमच्याविरुद्धचा एक निकाल होता. तोच पुढच्या बुधवारी उचलून मोठ्या कोर्टात नेला. म्हटलं, कोणीतरी माझ्या दारात यावं लागेल. आणि आलं की मी दार उघडणार नाही. वसुली वगैरे सगळं मी तुम्हाला चिडवायला लिहिलं. खांब मी केव्हाच नवा बसवून घेतलाय. तुम्ही आलात की बघा, पांढरा रंग दिलाय.

मी हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, हुदाकांना मातुलांचं बरं बघवत नाही. म्हटलं असतं ना? खरं सांगा.

रोमन काल दुपारपासून तुमच्या स्वयंपाकघरात बसला आहे. मी शेगडी भरायला गेले तर अंधारात टेबलावर डोकं टेकून. त्याला ठाऊक नव्हतं हो काही. स्वतःचा ट्रक विकून आलेले त्याचे पैसेही गेले. मला बघून म्हणाला, “व्हर्नाबाई, मी मावशीला काय तोंड दाखवू?” मी कोबी आणि शेवया परतून त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, “जे आहे तेच दाखव, दुसरं आणणार कुठून?” दोन ताटं खाल्ली त्याने. ज्याला जेवण जातं तो सावरतो. त्याला रागावू नका, निदान फोनवर नको. त्याला आता शेगडी भरायला शिकवते आहे.

शुक्रवारी तळघरात सगळ्या जमणार आहोत. युरकानिनांसाठी आणि बाकीच्यांसाठी जास्तीच्या पिरोगी करून विकायच्या, असं फादर म्हणाले. बर्निस माझ्या शेजारी उभी राहणार आहे. सारण मात्र तुमच्याविना पातळच.

घर सुखरूप आहे, ओल्गा. मी काल रात्री त्याच्यापुढून दोनदा उगीच चक्कर मारली.

व्हर्ना


पार्मा
२९ मार्च

माझी व्हर्ना,

तुझं पत्र (आता तू, बस्स झालं अहोजाहो) सकाळी आलं आणि संध्याकाळी रेजिनाला कळा सुरू झाल्या, म्हणून उत्तराला उशीर. मुलगी झाली! चोवीस तारखेला, पहाटे. दोघी छान आहेत. हनुवटी तुझी, आवाज माझा. सिरिल काचेपलीकडून बघून हसत बसला होता, नर्सला वाटलं याला काही झालंय. नाव अजून ठरत नाही, दोघं भांडताहेत, भांडू देत. बाप्तिस्मा ईस्टरनंतरच्या रविवारी. तुझं तिकीट सिरिल पाठवतो आहे. माझ्या खोलीत दुसरा पलंग टाकलाय. मी घोरते, आत्ताच सांगते.

तुझं पत्र मी न्हाणीघरात दार लावून वाचलं. ‘घर जागेवर आहे’ वाचलं आणि तिथेच फरशीवर बसले. व्हर्ना, त्या घरात माझी तिन्ही बाळंतपणं झाली, तिथूनच माझा नवरा जोसेफ गेला. मी ते गहाण टाकायला निघाले होते, नुसत्या एका फोनवर, वाचल्याशिवाय. आणि जी बाई ते वाचवत होती तिला मी बाळाचं तोंड बघू न देण्याची धमकी दिली. तू रात्री उपाशी राहिलीस आणि तरी जाऊन माझी शेगडी भरलीस. मला तुझ्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. हे खरं लिहिते आहे, टोमणा नाही. आणि हो, मी म्हटलं असतं. मातुलांचं बरं बघवत नाही असंच म्हटलं असतं. आणि वर चार शब्द जास्त.

इतकं हलकं मला किती वर्षांत वाटलं नव्हतं. काल मी बाळाला घेऊन स्वयंपाकघरात नाचले. गुडघ्यांनी तक्रार केली, मी ऐकली नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते. रेजिना म्हणते, “आई, आता सासूबाईंचे पैसे देऊन टाक आणि तो बोजा उतरव, बरं दिसत नाही.” मी पाकीट काढलं होतं, तुझं नावही घातलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. रोमन.

आधी रडला, माफी मागितली. मीही रडले. माफ केलं, न करून सांगते कोणाला, माझाच आहे. मग नाक पुसून म्हणाला, “मावशी, पण मी एक विचार करत होतो. ट्राउट मासे. खाणीजवळच्या जुन्या तलावात. एक माणूस भेटलाय.” व्हर्ना, देवाशपथ सांगते, माझं तोंड उघडलं होतं. ‘बरं बाळा’ अगदी ओठांवर आलं होतं. त्याचा आवाज ऐकला की मला तो लहानपणी त्याच्या आईच्या शवपेटीजवळ उभा असलेला दिसतो, आणि मी जे मागेल ते देते. चाळीशीला आला तो, पण मला तसाच दिसतो. मला त्याला नाही म्हणता येत नाही. आधीही आलं नाही, पुढेही यायचं नाही.

आणि मी म्हटलं, “बाळा, मी काय करू? घरावर व्हर्नाचा बोजा आहे.”

तो म्हणाला, “हो. ते आहेच.” आणि बाळाचं वजन विचारायला लागला.

तेव्हा ते पाकीट मी फाडून टाकलं. पैसे मी तुला देणार नाही, आणि तू मागायचे नाहीत. इथल्या शेजारणीचा नवरा कोर्टात असतो, तो म्हणाला तुमच्याकडे असा बोजा पाच वर्षांनी निजतो, कोर्टात पुन्हा नोंदवून जागा करावा लागतो. तर पाच वर्षं झाली की त्या बुधवारच्या बसने जा, मी पण येते सोबत. दोघी मिळून जागा करू. माझं घर आहे तोवर तुझं नाव त्याच्यावर राहू दे.

तुझी,
ओल्गा